देणाऱ्याचं घर

सोलापूरहून सकाळच्या एसटीने निघालो, तेव्हा माझी बायको निमा हिला जाऊन तीन महिने झाले होते. आपले शिलाई मशीन कुणाला द्यायचे, हे ती सांगून गेली होती. अणदूरच्या बाजूला एक संस्था आहे. फसवून विकल्या गेलेल्या बायकांना ती पुन्हा उभे करते. माझे आयुष्य ग्रंथालयाच्या नोकरीत गेले. नुसत्या मुखपृष्ठावर मी भरवसा ठेवत नाही. आधी पाहायचे, मगच मशीन द्यायचे, असे ठरवले होते.

नळदुर्ग मागे पडले. अणदूरला उतरून तुरीच्या रानातला कच्चा रस्ता धरला. बांधावरच्या एका म्हाताऱ्याला संस्था कुठे, ते विचारले.

"त्या बायकांकडं? तुमचं काय काम हाय तिथं?" तो म्हणाला, आणि माझे उत्तर ऐकायच्या आधीच त्याने हाताने दिशा दाखवली.

फाटकावर पाटी नव्हती. कुलूप होते, तेही आतून. चांगल्या कामाला कुलूप कशाला? हाक मारल्यावर चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. व्यवस्था त्याच पाहतात. सगळ्या त्यांना ताई म्हणतात. गेलेल्या बायकोचे मशीन द्यायचे आहे, असे सांगितल्यावर त्यांनी मला पडवीतच बसवले. येसराची आमटी (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची) आणि ज्वारीची भाकरी मात्र लगेच समोर आली. आमटीने डोळ्यांत पाणी आणले. आत शिलाईची मशिने खडखडत होती. ती रोजची, की आज पाहुणा आहे म्हणून?

"इथल्या कुणाशी बोलता येईल?" मी विचारले.

पदर खोचलेली, तिशीची एक बाई बाहेर आली. "मशीन पायाचं हाय का मोटारीचं?"

"पायाचं. तुम्ही इथं कशा आलात?"

"तुमची बायको कशानं गेली, काका?"

मी ताटातली भाकरी मोडत राहिलो.

"बघा. सांगवत न्हाय न्हवं?"

ताई म्हणाल्या, "हिला खोली घेऊन स्वतःचं शिवणकाम सुरू करायचंय. इथली मशिनं शिकणाऱ्यांना लागतात. स्वतःचं मिळालं तरच हिचं जाणं होईल."

"मग खात्रीसाठी एक फोटो काढतो."

"फोटो न्हाय," ती बाई म्हणाली. "खात्री आमी बी करतो. आधी देणाऱ्याचं घर बघतो, मगच वस्तू घेतो. शिलाईच्या कामाला म्हनूनच नेलं हुतं मला."

निमाच्या घराची झडती! मला राग आला. तरी परतीच्या एसटीत ताई आणि ती बाई, दोघी होत्या, माझ्यापासून चार बाके मागे.

घरी पोचल्यावर त्या उंबरठ्याबाहेरच थांबल्या.

"घरात कोन कोन असतं?"

"मी एकटाच."

"मग आमी आत येत न्हाय. भायेर आना."

निमाची खोली मी तीन महिने उघडली नव्हती. मशीन ओढत अंगणात आणेपर्यंत धाप लागली. तोवर त्या बाईने शेजारच्या वहिनींना गाठले होते.

"मावशी, मानूस कसा हाय ह्यो?"

"घुम्या आहे. पण बायकोच्या आजारपणात सगळा स्वयंपाक यांनीच केला. खारट करायचे, तरी ती जेवायची."

ती पहिल्यांदा हसली. पायरीवर बसून तिने मशीनची पायाखालची फळी दाबली, चाकाला हात लावला, कान देऊन ऐकले. "तेल मागतंय. बाकी झकास हाय."

ताईंनी बोलावलेल्या टेम्पोत मशीन चढवून ती त्याला धरून बसली. कोणत्या गावात बसवणार, हे विचारणे माझ्या ओठांवर आले होते. मी विचारले नाही. आत जाऊन निमाच्या खोलीची खिडकी उघडली.