अंगठ्याएवढी अक्षरं

१७ मार्च २०२३ रोजी कारंज्याच्या हरीओमने आठ हजार सहाशे पन्नास रुपयांना एक वापरलेला संगणक अकोल्याहून आणला. तहसील कचेरीच्या कुंपणाला लागून त्याचं टायपिंगचं दुकान. टिनाचा गाळा, आत एक टेबल, एक प्रिंटर आणि दारात गिऱ्हाइकांसाठी लांब बाकडं. आधीचा संगणक विजेच्या झटक्याने बंद पडला तो पुन्हा उठला नाही. रोजीच त्याच्यावर होती, त्यामुळे नवा येईपर्यंत हरीओमच्या घशाखाली नीट घास उतरला नव्हता.

टाइपरायटर पोत्यात बांधून रोज याच कुंपणाशी येऊन बसण्यापासून त्याने सुरुवात केली होती. अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेचिठ्ठी, वाटणीपत्र, काहीही असो, त्याच्या हातचा कागद कचेरीतून परत येत नसे. त्याचा स्वभाव मात्र संशयी. बाजूच्या दुकानांतले टायपिस्ट चहाच्या निमित्ताने येत आणि नजर चुकली की त्याचे मराठी फॉन्ट पेनड्राइव्हवर भरून नेत. वैतागून त्याने एकदा सगळ्या फॉन्टच्या फायलींची नावंच बदलून टाकली आणि त्यांना घरातल्या माणसांची नावं दिली. जाड, ठसठशीत अक्षराचा तो रुपाबाई, म्हणजे त्याची आई. बारीक, तिरक्या अक्षराचा तो वैष्णवी, म्हणजे मुलगी. रोजच्या मजकुराचा तो अंजू, म्हणजे बायको. चोराने फायली नेल्या तरी त्याला काय सापडणार? हरीओमचं कुटुंब.

नव्या संगणकात कागद छापण्याआधी तो पडद्यावर दाखवणारा एक वेगळाच प्रोग्राम होता. त्यात ठरलेल्या मापाचे, ठिपक्यांनी काढलेले फॉन्ट आधीच घातलेले होते. कागदावर ते व्यवस्थित उमटत. पडद्यावर अक्षर मोठं केलं की मात्र ठिपकेच मोठे होत, कडांना पायऱ्या पडत आणि काना कुठला, वेलांटी कुठली ते कळेनासं होई. हरीओमचे स्वतःचे फॉन्ट निराळे होते. त्यांत प्रत्येक अक्षराच्या कडेची रेघ साठवलेली असते, त्यामुळे ते कितीही ताणलं तरी गुळगुळीत राहतं. पण ते वापरायचे तर प्रोग्रामच्या एका यादीत लिहून द्यावं लागे की मजकुरात अमुक फॉन्ट आला तर तमुक फाइल उघड. छापलेलं चांगलं दिसतं ना, मग करू पुढे कधीतरी, असं म्हणून हरीओमने ते काम मागे ठेवलं होतं.

मे महिन्यात कामरगावचे दौलतराव त्याच्या दुकानात आले आणि ते काम पुढ्यात येऊन पडलं.

दौलतराव घरातले थोरले. सोबत धाकटे भाऊ शेषराव, आणि इंझोरीला दिलेली बहीण कस्तुराबाई. दोघा भावांचं पाच वर्षं एकमेकांशी धड बोलणं नव्हतं. विहिरीवरून बिनसलं होतं. कस्तुराबाईने दोन्ही घरी जाऊन, रडून-भांडून दोघांना वाटणीपत्राला तयार केलं होतं. शेषराव सुरतेच्या कारखान्यात कामाला, बायको गावी शेत बघायची. शेषरावांना त्याच रात्री परत निघायचं होतं. नोंदणीचा नंबर दुपारचा लागला होता. आज सही झाली नाही तर हे तिघं पुन्हा एका ठिकाणी कधी येतील, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

मजकूर तयारच होता. दौलतरावांनी तो आदल्या आठवड्यात बोलून लिहवला होता. शेत सारखं वाटलं होतं, पण विहीर थोरल्याच्या वाट्यात, आणि 'धाकट्यास सदर विहिरीतून पाणी घेण्याचा हक्क राहणार नाही'. शेषरावांनी ते बहिणीकडून फोनवर ऐकलं आणि ताठ्याने हो म्हटलं होतं.

"छापू ना, काकाजी?" हरीओमने विचारलं.

"मी वाचल्याबिगर?" दौलतराव म्हणाले. "आमच्या घरची रीत हाये. थोरल्यानं सोता वाचाव, मंग शाई लागाव. माह्या बापानं बी तसंच केलं."

"मी वाचून दाखवतो ना."

"तू वाचशीन, पन तुह्या तोंडून. मले माह्या डोयानं पाह्यजे."

डोळा मात्र एकच कामाचा होता, आणि त्यातही मोतीबिंदू पिकत आलेला. हरीओमने साध्या कागदावर छापून दिलं, हातात भिंग दिलं. दौलतरावांनी कागद वर-खाली केला आणि खाली ठेवला. "भिंगानं अक्षर मोठं होते, तसा अंधार बी मोठा होते. पडद्यावर मोठं कर. अंगठ्याएवढं."

हरीओमने मोठं केलं. पडद्यावर काळ्या विटांचा ढीग दिसू लागला.

"हे काय होय?"

"अक्षरच हाये काकाजी. जरा फुटलं."

"फुटलं, का फोडलं?" दौलतरावांनी मान वळवून भावाकडे पाहिलं. "मले वाचता येऊ नाई असंच पाह्यजे वाटते कोनाले तरी."

शेषराव बाकड्यावरून ताडकन उठले. "पाह्यलं बाई? म्हनून मी येत नव्हतो. अजून बी मी चोरच!"

"बस खाली," कस्तुराबाई म्हणाल्या. "सुरतेची गाडी काय आत्ता हाये? आन दादा, तुमी बी. त्या बिचाऱ्याची मशीन खराब झाली तं त्यात शेषूचा काय हात? थो काय तारा कुरतडून राह्यला?"

हरीओमने यादी उघडली. मथळ्याच्या फॉन्टसमोर त्याने रुपाबाईचं नाव लिहिलं, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. 'वाटणीपत्र' हा शब्द पडद्यावर आला तो दगडी चौथऱ्यासारखा, काळाभोर आणि स्वच्छ. दौलतराव पुढे झुकले. "हं. आत्ता दिसलं. वा-ट-णी-पत्र. खाली घे."

मजकुराच्या फॉन्टसमोर हरीओमने अंजूचं नाव लिहिलं.

पान आलं. अक्षरं गुळगुळीत होती, पण शब्द ओळखीचे नव्हते. आणि जिथे गट नंबर असायला हवा तिथे एकही आकडा नव्हता. अर्धा 'श', एक रफार, एक सुटी मात्रा. क्षेत्रफळाच्या जागी नुसतं कडबोळं.

दौलतरावांनी बोट पडद्याला टेकवलं. "माह्यं वावर कुठी गेलं?"

"छापलेल्या कागदात तं आकडे हायेत," कस्तुराबाई मघाचा कागद उचलून म्हणाल्या.

"मघाशी छापलं थ्यात आकडे होते. आत्ता नाई. म्हंजे याच्या मनात येईन तवा आकडे येतात आन मनात येईन तवा जातात!" दौलतरावांचा आवाज चढला. बाहेर बाकड्यावर दाखल्यांसाठी बसलेली माणसं दाराशी जमा झाली. "ऐका हो! वावर गायब करून राह्यले इथं!"

कचेरीच्या कुंपणाशी असली आरोळी एकदा घुमली की उद्यापासून बाकडं रिकामं. काय झालं ते हरीओमला कळत होतं. जुन्या मराठी फॉन्टांत प्रत्येकाने अक्षरं आपापल्या मर्जीच्या जागी बसवलेली असत. एकात जिथे तीनचा आकडा, तिथेच दुसऱ्यात अर्धा 'श'. मजकूर एका फॉन्टात लिहिलेला आणि उघडला भलत्याच फॉन्टात. पण अंजू हाच तर रोजचा फॉन्ट होता. मग हा भलता कसा निघाला?

"काकाजी, चूक माही हाये," तो म्हणाला. "मीच नावं बदलली होती फायलींची. एक मिनिट द्या."

त्याने घरी फोन लावला. हात कीबोर्डवर हवे होते म्हणून स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

"अंजू, थो रोजचा फॉन्ट मी कोन्त्या नावानं ठेवला व?"

"मले इचारता?" अंजूचा आवाज दाराबाहेरपर्यंत गेला. "दिवाळीले माह्यासंग भांडले, तवा त्याचं माह्यं नाव काढून माह्या मायचं टाकलं ना? म्हने, दोघी सारख्याच बोलतात. आन माह्यं नाव देल्लं त्या बिनकामाच्या फॉन्टले. इसरले वाटते!"

दाराशी कोणीतरी फिस्सकन हसलं. कस्तुराबाईंनी तोंडाला पदर लावला. "सासूचं नाव काय होय रे?"

"गोजराबाई," हरीओम खालच्या मानेने म्हणाला आणि यादीत ते नाव लिहिलं.

या वेळी पान आलं ते जसंच्या तसं. गट नंबर आपल्या जागी, क्षेत्रफळ आपल्या जागी. दौलतरावांनी स्टूल पडद्यासमोर ओढलं. "अजून मोठं," ते म्हणाले. हरीओमने वाढवलं. "अजून." एका वेळी पडद्यावर अर्धी ओळ मावू लागली. म्हातारा एकेक शब्द बोटाने दाबत, ओठ हलवत वाचू लागला. हरीओम ओळ पुढे सरकवी, ते मान डोलवत. पूर्वेस, पश्चिमेस, बांध, आंब्याचं झाड, सगळं बरोबर होतं. शेषराव दाराच्या चौकटीला टेकून कचेरीच्या घड्याळाकडे बघत होते. नंबर पुकारायची वेळ जवळ येत होती, पण घाई करा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

विहिरीची ओळ आली.

एवढी मोठी अक्षरं एकट्या दौलतरावांसाठी नव्हती. दारातल्या सगळ्यांना ती दिसत होती. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे मोहनसिंग दाखल्यासाठी सकाळपासून बसले होते. माणसं भिंतीवरच्या पाट्या वाचतात तसं त्यांनी सहज मोठ्याने वाचलं, "धाकट्यास... सदर विहिरीतून... पाणी घेण्याचा हक्क... राहणार नाही." मग बाजूच्याला विचारलं, "कोन धाकटा? सख्खा भाऊ का?"

"सख्खाच दिसते," बाजूचा म्हणाला.

"पान्याले नाई म्हनते? आमच्या तांड्यावर परक्याले बी नाई म्हनत नाई, बाप्पा."

दौलतरावांचं बोट पडद्यावरच राहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागे न बघता ते हळूच म्हणाले, "लहान कर रे थे अक्षर."

हरीओमने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "लहान केलं तं तुमाले दिसत नाई, काकाजी."

"राहू द्या दादा," शेषराव दारातून म्हणाले. "मी कवा मांगतलं तुमाले पानी? छापा आन मोकळे व्हा."

"तू चूप बस. थोरला वाचून राह्यला ना?" दौलतरावांनी ती अर्धी ओळ पुन्हा एकदा, मनातल्या मनात वाचली. पूर्वी ती त्यांनी रागाच्या भरात बोलली होती आणि नंतर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली होती. तिचं तोंड असं समोर कधी पाहिलं नव्हतं. "खोड थे," ते म्हणाले. "लिही. विहिरीचं पानी दोघाईले. एक दिवस आड."

"आन मोटरचं बिल?" कस्तुराबाईंनी लगेच विचारलं. भावांचा भरवसा त्यांना नव्हता.

"अर्धं-अर्धं. पन पयली पाळी माही."

"घ्या ना," शेषराव म्हणाले. "मी तं सुरतेले आहो. कोन भांडून राह्यलं पाळीसाठी?"

"तुह्यी बायको भांडन."

"थे तं भांडनच," शेषराव म्हणाले, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकाच गोष्टीवर एकत्र हसले. लगेच दोघांनीही माना फिरवल्या.

हरीओमने नवी ओळ लिहिली, अंगठ्याएवढी करून दाखवली. दौलतरावांनी ती वाचली, मोहनसिंगांनीही वाचली. "आत्ता मानसासारखं झालं," मोहनसिंग म्हणाले. कचेरीतून नंबर पुकारल्याचा आवाज आला तेव्हा प्रिंटरमधून शेवटचं पान बाहेर येत होतं. शेषरावांनी गरम कागद ओढून घेतले, थोरल्याचा दंड धरला आणि तिघं कुंपणातून आत धावले. सह्या झाल्या. शेषरावांना रात्रीची गाडी मिळाली.

वाढीव मजकुरामुळे सह्यांची जागा पुढच्या पानावर गेली होती. त्या जादा पानाचे तीस रुपये झाले. दौलतराव म्हणाले, पाणी शेषूला मिळालं, तो देईल. शेषराव म्हणाले, ओळ दादाने बदलली, दादा देतील. ते तीस रुपये हरीओमचे अजून येणे आहेत.