धुऊन न सुटणारी पकड

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमही म्हणत, आणि त्या तर तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या! मावशीचं काम ऐकायला सोपं. खाटीकखान्यातून बर्फात आलेल्या मेंढीच्या फुप्फुसातली धमनी अलगद सोडवायची, तिच्या तीन मिलिमीटर रुंदीच्या कड्या कापायच्या आणि प्रत्येक कडी तारेच्या दोन आकड्यांवर कोमट खारट द्रावणात टांगायची. कडी आवळली की पडद्यावरची रेघ चढते, सैलावली की उतरते. बास, एवढंच. ज्याला सोपं वाटतं त्यानं करून बघावं. पहिल्या दहा कड्या बोटांतच चिरडतात. मावशीचा हात इतका हलका, की कडीच्या आतलं एका पेशीच्या जाडीचं अस्तरसुद्धा शाबूत राही.

अठरा वर्षांपूर्वी याच हातानं एक घोळ घातला होता. त्या दिवशी एंडोथेलिन नावाचं नवं रसायन द्रावणात पडलं. रेघ आधी जरा खाली गेली, मग सावकाश चढली आणि वरच ठाण मांडून बसली. प्रयोग संपला की द्रावण तीनदा बदलायचं, कडी आपोआप सैल पडते, असा शिरस्ता. मावशीनं तीनदा बदललं, सहादा बदललं. रेघ ढिम्म हलेना. तिला वाटलं, आपणच मीठ चुकीचं मोजलं. कुणाला न सांगता तिनं वीस लिटर द्रावण मोरीत ओतलं आणि नवं बनवलं. पुन्हा तेच! अखेर रडकुंडीला येऊन तिनं मॅडमपाशी कबुली दिली, तर मॅडम हसतच सुटल्या.

"मावशी, तुमचं पाणी अगदी बरोबर आहे. ते एकदा चिकटलं ना, की धुऊन जात नाही."

"बाप रे! असलं विष आणलंत तरी कुठून?"

"विष कसलं? तुमच्या-माझ्या शिरांच्या अस्तरातच बनतं. आत्ता आपण बोलतोय तेव्हाही बनतंय."

मावशी थक्क झाली, ती आजतागायत. एंडोथेलिन म्हणजे एकवीस अमिनो आम्लांच्या मण्यांची एवढीशी साखळी, पण शीर आवळण्यात तिच्या तोडीचं फारसं काही नाही. आणि तीच साखळी अस्तरावरच्या पेशींना लागली की शीर सैलही करते! मूत्रपिंडात मीठ बाहेर टाकायला मदत करते, हृदयाचा ठोका जोरकस करते, आणि प्रमाणाबाहेर गेली की त्याच दोघांना जेरीस आणते. निरोगी फुप्फुसं तर तिला रक्तातून वेचून घेतात. "केवढा कारभार चाललाय आत, आणि आपल्याला पत्ताच नाही," असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. घरच्यांनी कधीच कान बंद केले होते.

सगळ्यात आधी धाकट्या भावानं. तो रंगारी, जन्म शिडीवर गेलेला. गेल्या वर्षी शिडीची चौथी पायरी गाठतानाच त्याला दम लागू लागला. फुप्फुसातल्या शिरा आवळल्यात, हृदयाच्या उजव्या बाजूला ताण पडतोय, असं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, तीही नेमकी एंडोथेलिन जिथं चिकटतं ती जागा अडवणारी. महिनाभरात गोळीनं पाय सुजले आणि पठ्ठ्यानं डबी कपाटात टाकली.

"काही होतच नाही गं गोळीनं," तो म्हणायचा. "घेतली तरी तसंच, नाही घेतली तरी तसंच."

सुजेवर उपाय आहे, पण औषध सोडलं तर हृदय थकत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भावजयीनं रडत फोन केला तेव्हा मावशीनं धसकाच घेतला. मॅडमची परवानगी काढून शनिवारी सकाळी ती भावाला घेऊन आली. दोन मजले चढताना तो पाचदा थांबला.

तिनं एकाच धमनीच्या दोन कड्या टांगल्या. उजवीला तसलंच जागा अडवणारं औषध दिलं. अर्ध्या तासानं, त्याच्या डोळ्यांदेखत, दोघींना सारखंच एंडोथेलिन.

डावी रेघ चढत गेली. भाऊ खुर्ची पुढे ओढून बसला.

"आता धू ना ते."

मावशीनं आठ वेळा द्रावण बदललं. रेघ खाली येईना. त्यानं नकळत छातीवर हात ठेवला.

"हे माझ्या आत चाललंय?"

"अगदी असंच नाही. पण हेच."

मग त्यानं उजवीकडे पाहिलं. "ही बिघडलीय वाटतं. हिला काहीच होत नाहीये."

एरवी अशी सपाट रेघ म्हणजे मावशीचा दिवस वाया. आज तिचे डोळे भरून आले.

"बिघडली नाही रे. हिलाही तेवढंच दिलंय, तुझ्यासमोर. काही होत नाहीये, म्हणून तर ती मोकळी आहे."

त्यानं हात पुढे करून त्या सपाट रेघेवरून बोट फिरवलं.

"मला कुणी हे सांगितलं का नाही?"

"अठरा वर्षं सांगतेय, बाबा. तू पेपर वाचत असायचास."

त्याला हसू आलं, हसण्यानं दम लागला. श्वास जुळेपर्यंत त्यानं बहिणीचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"ताई, मला जगायचंय गं अजून."

मावशीनं दुसऱ्या हातातला हातमोजा दातांनी ओढून काढला आणि गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते विचारायला डॉक्टरांना फोन लावला.