स्टँडवर लावलेले आवाज

माणसांच्या आठवणी गोळा करायला निघालं, की आठवणींपेक्षा गोळा करतानाचे किस्सेच जास्त जमतात. आम्ही तिघं. मी, रुखसाना आणि टेम्पोवाला भागिनाथ. दुष्काळात खडी फोडलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि बाजारात, स्टँडवर स्पीकरवर लावायचं, हा आमचा उद्योग.

*

बीडच्या स्टँडवर पहिल्यांदा स्पीकर लावला तेव्हा तिथल्या साहेबांनी हटकलं, "जाहिरात हाय का प्रचार?"

"आठवणी हायेत," रुखसाना म्हणाली.

"मग हळू लावा. गाड्यांची घोषणा ऐकू आली पाहिजे."

थोड्या वेळानं घोषणा झाली, पण गाडी काही हलेना. साहेब ओरडले. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "थांबा की, त्या बाईच्या हिरीला पाणी लागतंय का, तेवढं ऐकू द्या."

*

वडवणीजवळचे धोंडिबामामा जन्मभर शेळ्या राखलेले. मोबाईल समोर धरला की गप्प. "मी शेळ्यांशी बोलतो, डब्याशी न्हाई."

भागिनाथनं शेळीच आणून बसवली. मामांनी दुष्काळात चाऱ्यासाठी कळप कुठवर नेला ते सगळं तिला सांगितलं. ते रेकॉर्डिंग आठवडी बाजारात लावलं, तर मामांच्या शेळीला बाजारातल्या शेळ्या उत्तरं द्यायला लागल्या.

*

कडा गावच्या बाजारात एका सोसायटीचे चेअरमन उद्घाटनाला आले आणि माईक सोडेनात. आमच्याबरोबर शिरूर कासारची कौसाबाई होती. कैक हंगाम ऊस तोडलेली. ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुमचं आमी लई ऐकलं. आता जरा बसा."

चेअरमन बसले. शेवटपर्यंत बसले, आणि जाताना तिच्या पाया पडले.

*

नंतर बीडच्या स्टँडवर कौसाबाईचंच बोलणं लावलं. ती माझ्या शेजारी बाकावर बसून स्वतःचा आवाज ऐकत होती. एका हंगामात तोडीला जाताना रस्त्यातच ती बाळंत झाली होती. मागच्या टोळीतली एक अनोळखी बाई उतरली, नाळ कापली, आपलं लुगडं फाडून लेकरू गुंडाळलं आणि आपल्या गाडीत बसून निघून गेली. "तिचं नावबी इचारायचं राहिलं," असं म्हणून रेकॉर्डिंग संपलं.

गाडीची वाट बघणारी एक म्हातारी उठून आमच्यापाशी आली. "ती पोरगी बरी हाय का आता?"

कौसाबाई तिच्याकडं वळली. मग म्हणाली, "मी तर नुसतं लेकरू म्हणले."

म्हातारीची गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. तिनं गाठोडं खाली ठेवलं. कौसाबाई बाकावर सरकली.

गाडी गेली.