वासावरून बंदर ओळखणारा माणूस

चहा घ्या आधी. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकताना घोट घशात अडकला, तर जबाबदारी माझी नाही. फजिती माझीच आहे, आणि साधीसुधी नाही, थेट दक्षिण ध्रुवापर्यंत पोचलेली.

मी मूळचा पुण्याचा. लग्नापर्यंत बोंबील आणि बांगडा यांतला फरक मला कळत नव्हता. मग अलिबागच्या गौरीशी लग्न झालं आणि मी असा काही मासेखाऊ झालो, की सासरच्यांनाच मासे शिकवू लागलो. सुका जवळा, म्हणजे ती वाळवलेली बारकीशी कोळंबी, नुसती हुंगून मी सांगायचो, हा रेवदंड्याचा, हा मुरूडचा. गौरी म्हणायची, "आईनं फोनवर सांगितलेलं ऐकून सांगतोस." बायको म्हटल्यावर असं बोलणारच ना?

आता आम्ही राहतो दिल्लीतल्या द्वारकेत. दिल्लीत खायला काय मिळतं? पनीर मिळतं, नाहीतर पनीर मिळतं. जवळ्यासाठी तिकडून येणाऱ्या माणसाची वाट बघावी लागते. इकडे येणारा कुठलाही मराठी माणूस घ्या, त्याच्या सामानात दुसऱ्या कुणाची तरी पिशवी असतेच. त्या आठवड्यात गौरी माहेरी गेली होती आणि तिचा फोन आला होता, की आईनं जवळा वाळवलाय, ओळखीचे एक जण दिल्लीला येतायत, आज-उद्या आणून देतील.

त्याच आठवड्यात आमच्या इराच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. इरा सातवीत. जन्म दिल्लीचा, त्यामुळे मराठी अर्धं आमचं, अर्धं मेट्रोतलं. तिनं विषय घेतला होता ध्रुवीय समुद्रात कोण कुणाला खातं. हा विषय तिला दिला वरच्या मजल्यावरच्या शुभाताईंनी. शुभाताई समुद्राच्या अभ्यासक, आता निवृत्त. ऐन उमेदीत जहाजातून अंटार्क्टिकाला जाऊन आलेल्या. बाकीच्या मुलांकडे थर्माकोलचे ज्वालामुखी, आणि आमच्या इराकडे खरीखुरी वस्तू येणार होती. काय, ते तिनं मला सांगितलंही होतं म्हणे. मी तेव्हा लॅपटॉपवर होतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी गुडगावच्या ऑफिसातून घरी आलो. बरोबर सावंत. सावंत माझा सहकारी, मुंबईचा, मासे मिळाले नाहीत की चेहरा पाडून बसणारा. इरानं दार उघडलं, तोंडात ब्रश, हाताला निळा रंग, आणि पुन्हा आतल्या खोलीत पळाली. मी स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावर लोणच्याची जुनी बरणी. आणि बरणीत काय? जवळा!

कुणी आणली, कधी आणली, एवढं विचारायला काय जात होतं? पण नाही. मी झाकण उघडलं, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि सावंतला म्हणालो, "रेवदंडा."

सावंतनंही हुंगलं. "यार, जरा मोठा नाही वाटत? आणि रंग लालसर आहे."

"यंदा पाऊस चांगला झालाय," मी म्हणालो. पावसाचा आणि जवळ्याच्या रंगाचा काय संबंध, हे मला अजून माहीत नाही.

"डोळे केवढाले आहेत याचे. काळेभोर."

"ताजा वाळवला की डोळे असेच दिसतात."

इतकं ठणकावून सांगितल्यावर माणूस गप्प बसतो. सावंत कांदा चिरायला बसला. मी जवळा भाजला, धुतला, भरपूर कांदा, हिरवी मिरची, वरून कोकम. वास असा सुटला, की शेजारच्या भाटियाआंटींनी बेल वाजवून काही जळतंय का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, आंटीजी, जळत नाहीये, अलिबाग आलंय. त्यांनी नाकाला दुपट्टा लावला आणि गेल्या.

खरं सांगतो, चव अप्रतिम होती. थोडी गोडसर. मी सावंतला समजावलं, की हीच रेवदंड्याची खूण, तिथल्या खाडीचं पाणीच गोड. आम्ही कढई पुसून खाल्ली. भाकरीचा शेवटचा तुकडा फिरवत होतो, आणि इरा बाहेर आली. हातात सुंदर रंगवलेली पट्टी. रंग ओला होता, म्हणून ती दोन बोटांत धरलेली. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, अंटार्क्टिक क्रिल, कृपया हात लावू नये.

ती ओट्याकडे गेली. रिकामी बरणी बघितली. मग कढई बघितली. मग मला.

"बाबा, तू माझं क्रिल खाल्लंस?"

सावंतचा घास हातातच राहिला. मी म्हणालो, "बेटा, रेवदंड्याचा वास होता गं."

इरा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पट्टीकडे बघत उभी राहिली. आठवडाभर तिनं वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं, की मी असली क्रिल आणणार. सावंत म्हणाला, चलो, निघतो मी, आणि त्यानं लिफ्टचीही वाट बघितली नाही.

मी इराला घेऊन शुभाताईंकडे गेलो. आधी विचारलं, की आम्ही मरणार का? त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढून पुसावा लागला. "अहो, नाही. जपानच्या मैत्रिणीनं पाठवलेलं खायचंच क्रिल होतं ते. तिकडे विकत मिळतं. पण कोकम घालून खाणारे तुम्हीच पहिले असाल."

मग त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं, आणि काय सांगू, मी चक्क ऐकत राहिलो. समुद्रात प्रवाहाबरोबर तरंगत राहणारे बारके जीव असतात, त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. क्रिल त्यांतलाच, कोळंबीसारखा दिसणारा. थंडीत बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं, ते हा खरवडून खातो. आणि याला खायला कोण? मासे, पेंग्विन, सील, देवमासा, सगळे रांगेत.

"एवढा देवमासा या एवढ्याशावर जगतो?" मी विचारलं. "मधे कुणीच नाही?"

"कुणीच नाही. शेवाळ, क्रिल, देवमासा. आपल्याकडे एवढी छोटी साखळी सरकारी कचेरीतसुद्धा नसते. आणि बर्फ कमी झालं, की शेवाळ कमी, मग क्रिलची पिल्लं उपाशी, मग वरचे सगळे उपाशी. तिथं हा बारका गेला, तर मोठ्यांना दुसरं ताट नाही."

मी माझ्या पोटाकडे बघितलं. हे असं कोडं मला आधी कधी पडलं नव्हतं. इतकं लांबचं, इतकं बारकं, आणि त्याच्यावर सगळा डोलारा? मी प्रश्नांमागून प्रश्न विचारत होतो. इरा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

शेवटी शुभाताईच म्हणाल्या, की दिल्लीतच आर. के. पुरमला त्यांच्या मैत्रिणीकडे थोडं क्रिल आहे. बघते, जमलं तर सकाळी पोचवते.

सकाळी इरा शाळेच्या बसनं तक्ता घेऊन गेली, तोंड एवढंसं करून. मी आंघोळीहून आलो, तर दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली. आत पुडकं. पुडक्यात तोच बारका, वाळलेला, डोळेवाला जीव. धन्य त्या शुभाताई! मी बरणी घासली, पुसली, भरली आणि रिक्षात बसून छातीशी धरून शाळेत नेली. यावेळी एक दाणाही तोंडात टाकला नाही, याची नोंद घ्या.

इराचा चेहरा असा उजळला, की माझा आदला दिवस धुऊन निघाला. तिनं बरणी तक्त्यासमोर ठेवली आणि पट्टी चिकटवली. मग बारकाईनं बघून म्हणाली, "बाबा, हे छोटंय. कल का तो बडा था. आणि व्हाइट का आहे?"

"पिल्लं आहेत," मी म्हणालो. "बर्फाखालची. ऊन लागत नाही ना त्यांना."

एव्हाना मला विषय चांगलाच कळला होता. विज्ञानाच्या मॅडम आल्या, तर मीच पुढे झालो. शेवाळ, बर्फ, देवमासा, धडाधड हिंदीत सांगितलं. त्यांनी विचारलं, हे खरंच अंटार्क्टिकाचं आहे का? मी झाकण उघडलं, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला.

"बिल्कुल, मॅडम. सूँघते ही पता चलता है. वहाँ की ठंडक आ जाती है नाक में."

आणि मॅडमच्या मागे शुभाताई उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक छोटी डबी होती. "आर. के. पुरमहून थेट इकडेच आले," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याकडे तर आधीच काहीतरी दिसतंय." त्यांनी बरणीत डोकावलं आणि पुन्हा चष्मा काढला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गौरी. मी घाईनं उचलायला गेलो आणि स्पीकर लागला.

"अरे, ते पहाटेच्या विमानानं आले. बेल वाजवली, कुणी उघडलं नाही, म्हणून दाराला अडकवून गेलेत. आईनं गच्चीवर उभं राहून जवळा वाळवलाय. बघ हुंगून, या खेपेला खरंच रेवदंड्याचा आहे."

मॅडमना मराठी येत नव्हतं, हे माझं नशीब. शुभाताईंनीच सावरलं. म्हणाल्या, जवळाही तसा पाण्यात तरंगणाऱ्यांतलाच, क्रिलचा लांबचा नातेवाईक समजा. दोन्ही शेजारी ठेवा, तुलना होईल. तिथल्या देवमाशाला हा, इथल्या माशांना तो. मॅडमना ते फारच आवडलं.

इरानं डबी आणि बरणी शेजारी शेजारी मांडली. 'हात लावू नये' ची पट्टी बरणीवरून काढून डबीवर लावली. मग माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली, स्केचपेन उघडलं, तक्त्यावर देवमाशाच्याही वर एक बाण काढला आणि बाणाच्या टोकाशी तिच्या मराठीत लिहिलं:

'बाबा. सब खातो, कुछ ओळखत नाही.'