चिन्हांवर चिडणारे आतोबा

माणसं माणसांवर चिडतात, सरकारवर चिडतात, जावयावर तर चिडतातच. पण गणितातल्या चिन्हांवर पोटतिडकीने चिडलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि ते माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. मुलुंडला आमच्याच चाळीत ते खालच्या मजल्यावर राहायचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. संध्याकाळी घरी आले की कोट खुंटीला लागायच्या आत बीजगणिताचं पुस्तक उघडून भांडण सुरू. गुणाकाराची फुली आणि एक्स सारखेच का दिसतात, हा त्यांचा जुना दावा. फॅक्टोरियल, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार, दाखवायला एका पुस्तकात एनला काटकोनात कोंबलेलं, तर दुसऱ्यात त्याच्यापुढे उद्गारचिन्ह. "पाचापुढे उद्गारचिन्ह? पाचाला कसलं एवढं नवल वाटलं?" असं ते ओरडले की वरच्या मजल्यावर आमच्या आईच्या हातातलं भांडं पडायचं.

संभाव्यतेचं प्रकरण तर फारच पेटलं होतं. एखादी गोष्ट घडण्याचा संभव पी, आणि न घडण्याचा क्यू. "का, तर क्यू हा पीच्या शेजारी राहतो म्हणून! हे काय कारण झालं?" ते आत्याला म्हणाले. "उद्या मी घरी नसलो तर शेजारच्या प्रधानांना नवरा म्हणशील?"

"ते निदान जेवताना तरी ओरडत नाहीत," आत्या आमटी वाढत म्हणाली.

मला या सगळ्याची मजा वाटायची, ती मी इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, गणितात नापास होईपर्यंत. शाळेत सगळं मराठीतून झालेलं. कॉलेजात प्रोफेसर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत पुटपुटत लिहायचे आणि तास संपला की पुसून टाकायचे. डी वाय बाय डी एक्स दिसलं की मी वरचा डी आणि खालचा डी सरळ छाटून टाकायची. वर डी, खाली डी, मधे रेघ. शाळेत आम्हाला हेच तर शिकवलं होतं! अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकाल ऐकून सांगितलं, "एकदाच आणखी बस. नाही जमलं तर कॉलेज बंद, टायपिंगच्या क्लासला जायचं." मला डॉक्टर व्हायचं होतं, आणि इंटर सुटल्याशिवाय ते दार उघडत नव्हतं.

खाली त्यांच्या घरी, अण्णांच्या देखत, आतोबांनी माझी चूक ऐकली मात्र, ते ताडकन उठले. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ते गरजले पुस्तकावर. "भागाकारासारखं लिहायचं, भागाकारासारखं दाखवायचं आणि वर म्हणायचं, हा भागाकार नव्हे! अहो अण्णा, पोरीने काय करायचं? रेघ दिसली की माणूस छाटणारच!" मग मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. आत्या पोळी लाटत होती. "थांब! आता अगदी एवढीशी लाट," ते तिला म्हणाले. "बघ गं, पोळी केसभर रुंदावली. नवीन भाग कुठे आला? काठाकाठाने, एक बारीक पट्टी. डी म्हणजे ही एवढीशी वाढ. रुंदीच्या वाढीला क्षेत्र किती वाढलं, ती वाढ बारीक करत नेली तर हे प्रमाण कुठे येऊन ठेपतं, एवढंच ते चिन्ह विचारतंय. डी हा काही वेगळा आकडा नाही. नसलेल्याला छाटशील कशी?" तव्यावरची पोळी करपली, ती त्यांनीच खाल्ली. पुढे वर्षभर प्रत्येक चिन्ह आधी मराठीत वाक्य करून म्हणायचं आणि मगच लिहायचं, असा त्यांचा दंडक होता. त्यापायी मी किती रडले ते आत्यालाच ठाऊक.

मी पास झाले. अण्णा स्वतः पेढे घेऊन खाली गेले. आतोबांनी पेढा हातात घेतला. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"मीही छाटले होते गं ते डी," ते म्हणाले. "इंटरलाच. सगळे म्हणाले, ढ आहे, नोकरीला लावा. मलाही ते खरंच वाटलं. पुढे कितीतरी वर्षांनी ते चिन्ह माझं मलाच कळलं, तेव्हा पोरंबाळं झाली होती."

आत्याला हे तोवर ठाऊक नव्हतं. तिने आणखी एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि डोळ्यांना पदर लावत आत गेली.

आतोबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझा दवाखाना चांगला चालतो, लोक मला हुशार म्हणतात. तेव्हा माझा संताप होतो. आतोबांना ढ म्हणणाऱ्यांपैकी एकजण तरी माझ्यासमोर यायला हवा होता.