पाकीटबाईचा नवरा

आमच्या हिला हॉस्पिटलात सगळे पाकीटबाई म्हणतात. नर्सची नोकरी चोवीस वर्षांची, पण गेली दोन वर्षं तिच्या कमरेला एका कपाटाची किल्ली. न्यूमोनियावर एक नवं औषध आलं होतं. ते जुन्यापेक्षा खरंच सरस आहे का, हे मोठ्या डॉक्टरांना बघायचं होतं. म्हणून कपाटात तीनशे बंद पाकिटं. पेशंटने सही केली, की क्रमाने पुढचं पाकीट औषधखोलीत जायचं. आतल्या चिठ्ठीवर लिहिलेलं, जुनं की नवं. तिथून बाटली यायची ती हुबेहूब सारखीच. मग काय चढतंय ते ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरला, ना आमच्या बाईसाहेबांना.

घरी मात्र तिचं मत पक्कं. "नवंच भारी आहे बघा. ताप कसा झटक्यात उतरतोय!"

"कुणाला नवं दिलंय हे तुला कुठे माहितीय?" असं मी विचारलं की कांदा जरा जोरातच चिरला जायचा.

आणि मग मीच आडवा झालो. चार दिवस खोकला अंगावर काढला, केवढा तो शहाणपणा! पाचव्या दिवशी श्वास घेतला की बरगडीत कळ. हिनेच गाडीत घालून नेलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "अभ्यासात यायचं का? नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार होतीलच." मी ऐटीत सही ठोकली. बायकोच्या हातात कपाट म्हटल्यावर आपली पाचही बोटं तुपात!

डॉक्टरांची पाठ वळताच मी हळूच म्हणालो, "अगं, पाकीट जरा दिव्यासमोर धर. जुनं दिसलं तर बाजूला ठेव, पुढचं घे. कोण बघतंय?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मग आधीच्या दोनशे माणसांनी सुया कशाला टोचून घेतल्या?"

"आणि मी मेलो तर?"

"काहीतरी अभद्र बोलू नका!" असं म्हणून तिने किल्ली दुसऱ्या सिस्टरच्या हातात कोंबली. "तू काढ यांचं पाकीट. मी इथे थांबत नाही." आणि गेली की हो तरातरा!

असा संताप आला मला! तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता म्हणून, नाहीतर तिच्या माहेरच्यांचा उद्धारच केला असता. ती येऊन पांघरूण सारखं करायची, मी भिंतीकडे तोंड करायचो. सहाव्या दिवशी ताप उतरला, दहाव्या दिवशी घरी आलो. "मला नवंच मिळालं बरं का," असं गल्लीभर सांगत सुटलो.

सात महिन्यांनी पाकिटं संपली आणि कुणाला काय दिलं होतं ती यादी उघडली. त्या संध्याकाळी ही चपला न काढताच खुर्चीत बसली.

"नवं औषध बंद केलं. कितीतरी जणांची मूत्रपिंडं बिघडली. जुन्यापेक्षा माणसंही जास्त गेली."

"आणि मला काय दिलं होतं?"

"जुनं."

"सुटलो बुवा!" मी हसत म्हणालो. "तू तत्त्वाची पक्की, म्हणून वाचलो."

ती हसली नाही. तिला रडू फुटलं.

"कसलं तत्त्व हो! हात शिवशिवत होते माझे, म्हणून किल्ली देऊन पळाले. आणखी मिनिटभर थांबले असते ना, तर मी तुम्हाला नवंच आणून दिलं असतं. चांगलं म्हणून."