अकरा अंगठे

हातातला कप आधी खाली ठेवा, मग सांगते. मागच्या बारी हे ऐकताना माझ्या जावेच्या नाकातून चहा आला होता.

चूक माझीच हाय, दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच न्हाई. आन ती झाली जळण्यातून. लपवून काय करू? मी शेजारच्या कौसावर जळते. आजची न्हाई, लग्न झाल्यापासून. आमी दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात नांदायला आलो. तिच्या वऱ्हाडाच्या सोळा बैलगाड्या, माझ्या अकरा. कोणती गाडी कुणी हाकली ते बी सांगते, पण ते राहू द्या.

आता माझी नात पल्लवी आन कौसाचा नातू विकास, दोघं परभणीला एकाच बियाण्याच्या कंपनीत कामाला हायत. नोकरीवाल्यांची एक साईट असते फोनात. आपण काय काम केलं त्याचा फोटो तिथं टाकायचा, आन लोकांनी खाली अंगठा द्यायचा. मी जिंदगीभर कागदावर अंगठाच देत आले, म्हणून मला ही साईट लगेच समजली.

पल्लवीला आधी लय अंगठे यायचे. मग आटत गेले, उन्हाळ्यातल्या हापशावाणी. शंभराचे साठ, साठाचे वीस, आन पंचमीपर्यंत अकरा. अकरा ऐकलं आन मला माझ्या वऱ्हाडाच्या गाड्याच आठवल्या. परत अकरा?

"लोकंच बघंना गेलेत, आज्जी," पल्लवी म्हणली. "सगळ्यांचंच उतरलंय."

"मग विकासचं का उतरंना?"

"त्याचं बी उतरलंय की. सोळावर आलंय."

सोळा. बघा म्हणजे.

त्यात कंपनीच्या साहेबांनी सांगून ठेवलेलं, शेतकरी मेळाव्यात मंचावरून दोघांतलं एकच जण बोलणार. ज्याच्या फोटोला जास्त अंगठे, त्याचा मान. कौसा गिरणीत दळण ठेवता ठेवता मला म्हणली, "विकासला नवा शर्ट शिवायला टाकलाय, अक्का. मंचावर घालायला."

मी म्हणले, "शिव माय, शिव. कुठंतरी घालायला होईल."

पल्लवीनं माझ्या फोनात बी ती साईट घालून दिलेली. मला अक्षरं वळखत न्हाईत, चेहरे वळखतेत. शुक्रवारी दुपारी उघडली, तर कुणीतरी सोयाबीनचं रोप उपटून त्याच्या मुळ्यांचा फोटो टाकला होता. मुळ्या काय बघायच्या? सरकवल्या. तर खाली माझी पल्लवी. सोयाबीनच्या रानात उभी, समोर पंधरा-वीस शेतकरी, हात असा वर करून सांगायलीय. फोटोच्या वर, ज्यानं टाकला त्याचा हरभऱ्याएवढा गोल चेहरा असतो. तो काय मी बघितला न्हाई. एवढी धडधाकट नात समोर उभी असताना हरभरा कोण बघत बसंल?

मग मला सुचलं. आपल्याकडं न बोलावता कुणी येतं का? लग्न असो, बारसं असो, घरी जाऊन कुंकू लावून आवतन दिल्याबिगर बाया उंबरा ओलांडत न्हाईत. आन ही पोरं नुसता फोटो टाकतेत आन वाट बघत बसतेत. कोण येणार?

कुंकवाचा करंडा घेतला आन निघाले. घरोघर पदवीवाली पोरं-सुना हायत, सगळ्यांनी नोकरीसाठी त्या साईटवर नाव घालून ठेवलंय. पहिल्याच घरी सुनंला कुंकू लावलं, फोन पुढं धरला.

"ह्या फोटोला अंगठा द्यायचा. घरातल्या सगळ्यांनी."

"आज्जी, पण हा फोटो तर..."

"तुझ्या लेकराच्या बारशाला पाळणा कुणी म्हणला?"

"तुमीच."

"मग?"

दिला अंगठा. पुढच्या घरचं पोरगं म्हणलं, "आज्जी, वरचं नाव बघितलं का?" मी म्हणले, "तुझ्या आईच्या बाळंतपणात मी सात दिवस शेक दिला, तवा नाव बघितलं होतं का?" त्यानं बी दिला. कुणाकडं मी कोणत्या कामाला उभी राहिले, मला सगळं तोंडपाठ. ऑटोनं देवगाव फाट्यापर्यंत गेले. तिथं चहाच्या हॉटेलात बसलेल्या सहा जणांना टिळा लावून आवतन दिलं.

वर आणखीन शहाणपणा केला. फोनात बोललं की लिहून निघतं, म्हणून फोटोखाली बोलले, "असं गुणी लेकरू पंचक्रोशीत न्हाई. कौसाच्या विकासनं हिच्याकडून कायतरी शिकावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरच्या सुनंनं मोजून सांगितलं, एकशेबेचाळीस. मी चुलीवर पुरणाची डाळच चढवली.

पोळ्या होतायत तवर कौसा आली. आली ती थेट पाया पडली.

"अक्का, मी तुमाला लय वाईट समजत होते. आमच्या विकाससाठी तुमी उन्हात घरोघर कुंकू घेऊन फिरलाव. मी सख्खी आज्जी, मला सुचलं न्हाई."

"विकाससाठी?"

"मग. फोटो त्यानंच काढला, त्यानंच टाकला. पल्लवी आपली मधी आली, शेत दाखवताना."

माझी तव्यावरची पोळी करपली.

"आन खाली तुमी लिहिलंय म्हणे, असं गुणी लेकरू पंचक्रोशीत न्हाई. सुनंनं वाचून दाखवलं. म्होरलं काय वाचंना, तोंडाला पदर लावून हसतच बसली."

पल्लवीच्या नावानं केलेल्या पोळ्या कौसानं खाल्ल्या. तीन. वर तूप मागितलं. जाताना म्हणली, "शर्ट उद्या मिळायलाय, अक्का."

ती गेल्यावर पल्लवीला फोन लावला.

"तुझा फोटो कुठं होता गं?"

"मुळ्यांचा होता की, आज्जी. मुळांवरच्या गाठी दाखवल्या होत्या. तुला दिसला न्हाई?"

"दिसला. सरकवला."

मग मीच विचारलं, "किती झाले त्याला?"

"दहा."

"दहा? दर बारीला तर अकरा असतेत."

"अकरावी तू असतीस, आज्जी."